घट्ट बसलेली पिन

९ फेब्रुवारी, सोमवार

“ज्याचं हत्यार पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येतं, त्याला आधी चहा पाज.” बाबांचं हे वाक्य आज अचानक आठवलं. ते म्हणाले तेव्हा मी नुकती त्यांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली बसायला लागले होते. मला वाटलं, गिऱ्हाईक सांभाळायची ही त्यांची रीत. गिऱ्हाईक सांभाळणं त्यांना कधीच जमलं नाही हे तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून हसूच आलं होतं.

आठवायचं कारण, बारक्या आज पिस्तूल घेऊन आला. माझा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकला तरी घरात बारक्याच. पिस्तूल त्याचं स्वतःचं, परवान्याचं. रोकड वाहणाऱ्या गाडीवर पहारेकरी म्हणून घेतात ते स्वतःचं हत्यार असेल तरच. गेल्या महिन्यात लुटारूंनी ती गाडी रस्त्यात अडवली. ड्रायव्हरमामांना, नात्यातले नव्हेत पण सगळ्यांचे मामा, खाली ओढून लोखंडी पहारीने मारलं. बारक्या मागच्या दाराने उतरला, पिस्तूल रोखलं, आणि ते उडालंच नाही. मामा दवाखान्यात वारले. “चाप ओढला, काही झालंच नाही,” एवढं एकच वाक्य बारक्या सगळ्यांना सांगत होता. पोलिसांनी पिस्तूल तपासलं आणि दोष नाही म्हणून परत दिलं. कंपनीने त्याला गाडीवरून उतरवून गोदामाच्या फाटकावर उभं केलं.

तर आज त्याने ते माझ्या बाकावर ठेवलं. रिकामं आहे ना, ते मी दोनदा बघितलं. मग दिवा खाली ओढला. सांगाडा प्लास्टिकचा, त्यात आरपार गेलेल्या पोलादी पिना. त्यातली चापाची पिन डाव्या अंगाने तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आलेली. बोटाने ढकलली तर आत गेली. बोटाने! हातोडीशिवाय हलता कामा नये अशी ती पिन.

“सापडलं,” मी ओरडलेच. “बारक्या, ही सरकली की चाप नुसता लोंबत राहतो. पोलिसांनी काय डोळे मिटून तपासलं का? तुझा दोष नव्हता रे.”

मला वाटलं, तो रडेल किंवा हसेल. तो म्हणाला, “राहू दे इथेच. घाई नाही.”

पिस्तूल लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. बाबांचा नियम आहे, कपाटात गेलेलं हत्यार काम पुरं झाल्याशिवाय मालकालाही मिळत नाही. बारक्याने कुलपाकडे बघितलं आणि मग जिना चढून आईकडे जेवायला गेला. दोन वेळा भात मागून घेतला म्हणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सगळं बाजूला सारून तेच काम घेतलं. भावाचं काम, पडून कसं राहील?

लोखंडी सांगाड्यात पिन सैल झाली तर उपाय सोपे. प्लास्टिकचं तसं नाही. भोक एकदा झिजलं की झिजलं. बाबांच्या वेळी असली पिस्तुलं नव्हतीच. आईचं मत ठाम आहे: “प्लास्टिकचं पिस्तूल? मग खेळण्यांच्या दुकानातून घ्यायचं होतं, स्वस्त पडलं असतं.” मी भोक साफ केलं, पिन पुसली आणि स्क्रू जागेवर धरून ठेवायला आम्ही वापरतो त्या चिकट द्रवाचा एक थेंब लावून पिन बसवली. चांगली बसली.

संध्याकाळी स्वतः नेऊन दिलं. वहिनी, म्हणजे बारक्याची बायको, दवाखान्यात परिचारिका आहे. सध्या तिची रात्रपाळी. ती निघायच्या गडबडीत होती. डबा पिशवीत भरता भरता म्हणाली, “ताई, तुमच्या भावाला वस्तू जागेवर ठेवायची सवय कधी लावणार तुम्ही? माझ्या डब्याच्या पिशवीत काय सापडेल नेम नाही. कधी मोजे, कधी त्याची ती पोलादी काडी.”

“कसली काडी?”

“तुमच्याच दुकानातली असणार. एवढीशी. मला वाटलं, डब्याची बिजागरीच निसटली. सकाळी त्याच्या हातात देते, तर मुकाट्याने घेतो, खिशात घालतो.”

लहानपणीही तो दुकानातले छर्रे आणि स्प्रिंगा खिशात घालून शाळेत जायचा. आम्ही दोघी हसलो.

बारक्या हसला नाही. पिस्तुलाकडे बघून म्हणाला, “एवढ्यात झालं?”

“मग? तुझी बहीण आहे कोण?”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मामी आल्या होत्या, ड्रायव्हरमामांच्या बायको. याआधी त्यांना मी एकदाच पाहिलं होतं, स्मशानाबाहेर. आज एकट्याच आल्या, दुकानाच्या पायरीवर चप्पल काढली. इथे कुणी चप्पल काढत नाही, लोखंडाचा कीस पायात जातो. मी नको नको म्हणत राहिले.

स्टुलावर बसल्या. मी आदल्या दिवशीच त्यांच्या शेजारणीला पिनेची हकीगत सांगितली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली.

“एवढंच सांग बाळ. पिस्तूल खरंच बिघडलेलं होतं?”

“हो मामी. पिन सैल होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली.”

“म्हणजे त्याने ओढलं, पण उडालं नाही.”

“हो.”

त्यांनी बाकावरची एक कानस सरळ करून ठेवली. मग म्हणाल्या, “मग बरं. बरं म्हणजे काय बरं… आमचे हे म्हणायचे, पोरगं चांगलं आहे, मागे ते बसलंय म्हटलं की मला गाडी चालवताना मान वळवावी लागत नाही. मला तेच टोचत होतं गं. मान वळवून तरी बघितलं असतं त्यांनी.”

जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मला फार बरं वाटलं. बारक्याला फोन करून सांगितलं, मामींच्या मनातलं किल्मिष गेलं, तू एकदा भेटून ये. तो म्हणाला, “तू त्यांना कशाला सांगितलंस, ताई?”

काही माणसांना चांगली बातमी पचतच नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पिस्तूल परत आलं. पिन पुन्हा सैल. आणि त्याहून वाईट म्हणजे भोकाभोवती केसासारख्या बारीक भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. भिंग लावून बघितल्या. हे माझं काम. तो द्रव लोखंडाला चालतो, या प्लास्टिकला तो खातो. कुठल्याही शिकाऊ पोराला हे ठाऊक असतं, आणि मी मात्र बाबांच्या बाटलीतला थेंब बाबांच्याच हाताने लावावा तसा लावून मोकळी झाले. आम्हा लोखंडवाल्यांचीच ही चूक. प्लास्टिकवर शिकलेला माणूस ती कधी करणार नाही.

बारक्याची माफी मागितली. म्हणाला, “असू दे. किती दिवस लागतील?”

“बघावं लागेल.”

“लागू देत.”

वर जेवला, आणि खाली येऊन दुकानातल्या लाकडी बाकड्यावर आडवा झाला. मी कानस चालवत होते, तो घोरत होता. संध्याकाळपर्यंत उठला नाही. आई दोनदा डोकावून गेली. “माझ्या गादीवर झोप म्हटलं तर नको. इथे खडखडाटात बरी झोप लागते याला. दोघं भावंडं लोहाराच्याच पोटी जन्मायला हवी होती, चुकून माझ्याकडे आलात.”

उठल्यावर विचारलं, घरी झोपत नाहीस का? म्हणाला, नाही लागत. मी गादी बदलायला सांगितली. कापसाची घे, म्हटलं, ती स्पंजाची पाठीला वाईट.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भेगा वरवरच्याच आहेत, देवाची कृपा. साबणपाण्याने द्रव धुऊन काढला. पिन तशीच, नुसती दाबून बसवली. मग परवानगी काढून नेमबाजीच्या मैदानावर पिस्तूल घेऊन गेले. मैदानाचे म्हातारे व्यवस्थापक मला बाबांच्या वेळेपासून ओळखतात. “काय गं पोरी, आज कुणावर राग?” म्हणाले. मी पेटीभर गोळ्या झाडल्या. मनगट दुखायला लागलं.

पिन केसभरही सरकली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतक्या धक्क्यांनी जी हलत नाही, ती बारक्याच्या घरी कपाटात पडल्या पडल्या कशी बाहेर येते?

आज संध्याकाळी न्यायला आला तेव्हा विचारलं, “घरी काय करतोस रे याचं?”

“पुसतो.”

“कशाने?”

“फडक्याने. कशाने पुसतात?”

माझ्याकडे बघत नव्हता. बाकावरचा, पिना ठोकायच्या पंचांचा डबा उघडून एकेक पंच काढत होता, पुन्हा आत ठेवत होता. वजन उतरलंय त्याचं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती मोठी होते आहे.

२ मार्च, सोमवार

तिसऱ्यांदा.

या वेळी मी पिन बाहेर काढून भिंगाखाली धरली, आणि दिसलं. उजव्या टोकाला बारीक खड्डे. एक नाही, एकावर एक, कित्येक. माझ्या पंचाचं टोक सपाट आणि गोल आहे, त्याची खूण अशी पडत नाही. हे अणकुचीदार वस्तूचं काम. खिळ्याचं.

पिन आपोआप बाहेर येत नव्हती. तो ती ठोकून काढत होता. रोजच्या रोज काढायची आणि परत घालायची. भोक झिजेल नाही तर काय होईल!

मी दिवा बंद करून बसले. आईने हाक मारली, जेवायला ये, मी उठले नाही.

म्हणजे पोलिसांचं बरोबर होतं. पिस्तुलात काहीच दोष नव्हता. आणि मी मामींना, ज्या दुकानाच्या पायरीवर चप्पल काढून आल्या त्यांना, तोंडावर सांगितलं की मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याने स्वतःच्या बचावासाठी पिन सैल केली आणि मला साक्षीदार बनवलं. सख्ख्या बहिणीला. बाबांच्या दुकानाला.

३ मार्च, मंगळवार

आज भांडले. जन्मात इतकी भांडले नव्हते त्याच्याशी.

तो आला आणि मी पिन तळहातावर धरून पुढे केली. “हे काय आहे?”

बघितलं त्याने. मग म्हणाला, “खिळा.”

“लाज नाही वाटत?”

“ताई, मी चाप ओढलाच नव्हता.” हे तो इतक्या हळू म्हणाला की कानशीवरून हात सरकावा तसा आवाज आला. “पिस्तूल चांगलं होतं. मी रोखलं. मामा माझ्याकडे बघत होते. आणि बोट वाकेचना. लोक म्हणाले, बंद पडलं का? मी म्हटलं, हो.”

“आणि मग पिन सैल करून आणलीस. म्हणजे मी शोधून काढावी आणि गावभर सांगावं.”

“नाही. पिन काढतो मी, हो. पण त्यासाठी नाही.”

“मग कशासाठी?”

त्याने लोखंडी कपाटाकडे बघितलं. नंतर छताकडे, वर आई काहीतरी वाटत होती तिचा आवाज येत होता. “राहू दे ना. ठेवून घे तुझ्याकडे. काही दिवस.”

“म्हणजे पुन्हा तेच. माझ्याकडे पडून राहील आणि तू सांगत फिरशील, बिघडलंय, ताईकडे आहे. नाही. मी हे दुरुस्त करणार, असं करणार की जन्मात हलायचं नाही, आणि तू हे घेऊन जाणार. हातात धरायला शीक बारक्या. जे झालं ते झालं, आता त्याच्या डोळ्याला डोळा भिडव.”

मी खरं तेच बोलले. अजूनही तसंच वाटतं. पण तो गेला तेव्हा पाठमोरा इतका बाबांसारखा दिसला. शेवटच्या वर्षातल्या बाबांसारखा.

५ मार्च, गुरुवार

दोन दिवस मी याच कामावर आहे. राग असला की माझा हात चांगला चालतो, हे माझ्याबद्दलचं एक वाईट सत्य आहे.

बाबांच्या ठेवणीतली पोलादी सळई काढली. जुन्या पिनेपेक्षा किंचित जाड पिन घासली, किती जाड ते बोटालाच कळतं; जास्त झाली तर प्लास्टिक चिरेल. मधोमध एक खाच, म्हणजे आतली स्प्रिंग तिच्यात अडकून बसेल. दोन्ही टोकं सांगाड्याच्या पृष्ठभागाखाली एवढीशी आत, पॉलिश केलेली, की खिळ्याचं टोक तिथे धरायलाच मिळू नये. घसरेल. तीनदा घासली, दोनदा फेकून दिली. तिसरी बसली तेव्हा बारीक ‘टक्’ असा आवाज आला. त्या आवाजासाठी मी हा धंदा करते.

आईला बोलावून दाखवलं. ती चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, “छान आहे. पण बारक्या जेवला का आज, ते कुणी बघितलं?”

६ मार्च, शुक्रवार

घेऊन गेला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. मी पिस्तूल त्याच्या हातात दिलं, रिकामं आहे हे दाखवलं, त्याने मान हलवली. त्याने अंगठा पिनेवरून फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. नखाने चाचपून बघितली.

“निघणार नाही,” मी म्हटलं. “खिळा मोडेल, पिन नाही हलणार. आता हे कधी दगा देणार नाही तुला. तू चाप ओढलास की उडणारच.”

“उडणारच,” तो म्हणाला.

“हो.”

“छान काम केलंस ताई.” आणि खरंच, तो हसला. कितीतरी आठवड्यांनी. मी त्याला माफ करून टाकलं.

७ मार्च, शनिवार

आई विचारत होती, काल बारक्याला चहा तरी दिलास का. नाही दिला. तो थांबलाच नाही. आई नुसती कप विसळत राहिली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ते वाक्य पुन्हा आठवतंय. बाबांचा एक गिऱ्हाईक होता, रखवालदार, दुनळी बंदूक घेऊन यायचा. कधी घोड्याचा स्क्रू, कधी कुठला खटका. बाबा त्याला बसवून घ्यायचे, चहा मागवायचे, आणि काम मात्र करायचेच नाहीत. “पुढच्या आठवड्यात बघू.” मला चीड यायची. पंधरा मिनिटांचं काम. एकदा ते बाहेर गेले असताना मी करायला घेतलं, तर आल्या आल्या त्यांनी बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. त्या माणसाची मुलगी बुडाली होती त्या वर्षी. हे मला माहीत होतं. मी ते बंदुकीशी कधी जोडलं नाही.

आता हात थांबलाय लिहिताना. उगीच काहीतरी डोक्यात येतंय.

८ मार्च, रविवार

बारक्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. वही नेहमीसारखी पिशवीत होती, आणि हातांना काहीतरी काम हवं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला, बसमधून. कामावर निघाली होती. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, “ताई, एक विचारू? तुम्ही हसाल. त्या काडीचं काय झालं? हल्ली माझ्या पिशवीत येत नाही.”

“कधीपासून?”

“परवा पिस्तूल तुमच्याकडून परत आलं तेव्हापासून. आधी ते घरी असलं की रोज असायची. सकाळी त्याला परत दिली की तो ती खिशात घालायचा, मग आतून ठोकल्याचा आवाज यायचा आणि तो कामावर जायचा. मला वाटायचं, असेल त्याचं काहीतरी. तुमच्या घरात सगळ्यांचं काहीतरी असतंच. पण आज निघताना त्याने पिशवी हातात घेतली, चेन उघडली, बघत उभा राहिला. काहीच ठेवलं नाही. चेन लावली आणि म्हणाला, जा, उशीर होईल.”

मी तिला बसमधून उतर म्हटलं. का, ते दोन वाक्यांत सांगितलं. ती परिचारिका आहे, तिने तिसरं वाक्य विचारलं नाही. “मी येते,” एवढंच म्हणाली. आम्ही फोन ठेवला आणि दोघी दोन बाजूंनी निघालो. माझं घर जवळ म्हणून मी आधी पोचले.

रोज संध्याकाळी बायको घराबाहेर पडायच्या आत तो चापाची पिन काढायचा आणि तिच्या डब्याच्या पिशवीत टाकायचा. ती रात्रभर दवाखान्यात, पिन तिच्याबरोबर. सकाळी ती पिन घेऊन परत. मधली सगळी रात्र त्याच्या घरात फक्त एक लोखंडाचा निरुपयोगी तुकडा. एकटा होता, कुणाला सांगता येत नव्हतं, तर स्वतःपासून वाचायला त्याने ही वाट काढली होती. आणि भोक झिजून पिन टिकेनाशी झाली की माझ्याकडे यायचा, कपाटाच्या कुलपाकडे बघायचा, भात मागून घ्यायचा आणि बाकड्यावर घोरायचा. मी त्याला गादी बदलायला सांगितली.

येताना आईने थर्मास भरून दिला. तिला मी काही सांगितलं नव्हतं. “चहा घेऊन जा,” म्हणाली.

दार त्यानेच उघडलं. देवा, दार त्यानेच उघडलं.

“आता काय आणलंस?”

“चहा.”

“इथे मिळत नाही का चहा?”

“दुकानातला आहे. महिन्याभराची उधारी समज.”

आम्ही आत आलो. टेबलावर हातोडी होती आणि तीन खिळे. तिन्ही वाकलेले. एक तर पार दुमडलेला. मी बघितलं, त्याने मी बघितलेलं बघितलं. माझं काम किती चांगलं झालंय, ते त्या खिळ्यांवरून कळत होतं.

मी कप शोधले, चहा ओतला. तो दोन कप प्यायला. मी काही विचारलं नाही. त्याने मामांची एक गोष्ट सांगितली, मामा गाडी चालवताना चुकीच्या सुरात गाणी म्हणायचे आणि याने मागून जाळीवर ठोकलं की मुद्दाम आवाज चढवायचे. सांगता सांगता हसला, आणि मग खुर्चीतच डोळे मिटले. आता झोपलाय. तोंड थोडं उघडं आहे. लहानपणी असाच झोपायचा, आई त्याच्या तोंडाशी हात धरून श्वास बघायची. मीही आता दोनदा बघून आले.

पिस्तूल टेबलाच्या खणात आहे, खणाला कुलूप. किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात, कापडावर तिचा आकार दिसतोय. हात घातला तर काढता येईल. वहिनी कुठल्याही क्षणी येईल, तिच्या दवाखान्यात अशा वेळी बोलणारे डॉक्टर आहेत, सकाळी त्यांच्याकडे न्यायचं मी ठरवलंय. तोवर किल्लीवरून मी नजर काढणार नाही. त्याचा हात खिशाकडे गेला तर तो मी धरणार, मग तो काय वाटेल ते म्हणो. पण झोपेत काढून घ्यायची नाही मला. त्याने इतके दिवस कसंबसं स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या पिशवीत ठेवलं. आत्ताही त्यानेच ठेवायला हवं.

तो नाही म्हणेल, हे मला माहीत आहे. हत्याराशिवाय नोकरी नाही, म्हणेल. तूच म्हणालीस ना, हातात धरायला शीक. तूच म्हणालीस, डोळ्याला डोळा भिडव. त्याच्याकडे जी जी कारणं असतील, ती सगळी माझ्याच तोंडची असतील.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली, वहिनी असावी. तो हलला. डोळे उघडतोय.

बारक्या, ते मला दे. दुरुस्तीला नाही रे, काही बिघडलेलं नाही त्यात. नुसतंच दे.